केसभर वर

मित्रांनो, जवळ बसा, पण पेटीला धक्का लावू नका. मी एक जुना चेलो आहे आणि माझ्या पोटावर एक भेग आहे. ती अजून चालते आहे. गोगलगायीसारखी चालते, चालताना दिसत नाही, पण थोड्या वेळाने पाहावे तर पुढे गेलेली असते. ती माझ्या खालच्या काठाला पोचायच्या आत माझी हकीकत सांगून होईल की नाही, मला ठाऊक नाही. शिवाय मला गोष्ट सांगण्याची सवय नाही. जन्मभर मी दुसऱ्यांच्या हातांनी बोललो. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

चेलो म्हणजे काय हे तुमच्यापैकी काहींना माहीत नसेल. व्हायोलिनचा थोरला भाऊ समजा. व्हायोलिन हनुवटीखाली मावते. मला मात्र वाजवणारा खुर्चीवर बसून दोन्ही गुडघ्यांमध्ये धरतो, आणि माझी मान त्याच्या डाव्या कानाशी येते. म्हणून वाजवणाऱ्याचा श्वास मला सगळ्यांत आधी ऐकू येतो. तो घाबरला आहे की नाही, हे त्याच्या आईच्याही आधी मला कळते.

मला घडवणारा कारागीर बडबड्या होता आणि त्याची बायको अबोल होती. घरामागच्या खोलीत तो मला तासत असे आणि ती खिडकीपाशी बसून माझ्या अंगावर रोगणाचे हात देत असे, एक वाळला की दुसरा. पोटाला मऊ लाकूड, पाठीला कठीण. हे माणसांनाही लागू असेल, पण तेवढे मोठे बोलण्याचा माझा अधिकार नाही. सगळे जुळवून झाल्यावर शेवटी त्याने एका वाकड्या सळईने, पोटावर आवाजासाठी कोरलेल्या फटीतून, माझ्या आत बोटाएवढा जाड लाकडी खांब उभा केला. त्या खांबाला सरस नाही, खिळा नाही. तारा ओढल्या की माझे पोट खाली दबते, आणि तो खांब पोट आणि पाठ यांच्या मध्ये उभा राहून सगळा भार पेलतो. कारागीर त्याला माझा प्राण म्हणत असे.

"आणि तारा जास्त ओढल्या तर?" बायकोने विचारले. त्या दिवसातले तिचे ते पहिलेच वाक्य होते.

"कशाला कोण जास्त ओढेल?"

"माणसं," ती म्हणाली आणि पुन्हा रोगणाकडे वळली.

मी एका विद्यापीठाच्या संगीत विभागात गेलो. तिथल्या थोरल्या सरांनी मला स्वतः निवडले होते. ती माझी चांगली वर्षे. कितीतरी मुलेमुली माझ्यावर बोटे घासता घासता रडली, रागावली, आणि एखाद्या दिवशी अचानक सूर लागला म्हणून माझ्याच मानेवर डोके टेकून हसली. एकदा एका सभागृहाच्या पायऱ्यांवर एक मुलगा मैत्रिणीला काहीतरी सांगून हसवत असताना मी त्याच्या हातून सुटलो. माझे पोट बरोबर खांबाच्या वर उकलले. तो कारागीर तोवर म्हातारा झाला होता. त्याने आतून लाकडाचे ठिगळ लावून मला सांधले आणि सरांना सांगितले, "वाजवा, खुशाल वाजवा. फक्त नेहमीच्या सुराच्या वर चढवू नका. एकदा फाटलेलं पोट आहे."

सरांनी ते वाक्य मनावर घेतले. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हाती मला देताना ते तेच वाक्य सांगत. मग सर निवृत्त झाले, आणि ते वाक्यही त्यांच्याबरोबर घरी गेले.

विभागात नवे चेलो आले. मला जिन्याखालच्या कपाटात ठेवले. तिथे पाय मोडलेले स्वरपानांचे स्टँड होते आणि फरशी पुसायची एक बादली. बादलीशी माझे बरे जमले. ती रोज बाहेर जाऊन येई, आणि तिच्या ओलाव्यामुळे माझे लाकूड शाबूत राहिले. कौतुक गेले तरी ओलावा पुरतो, मित्रांनो.

मला बाहेर काढले ते एका बुटक्या, किडकिडीत मुलीने. नवे चेलो वरच्या वर्गांतल्यांनी आधीच घेतले होते. पेटी पाठीला अडकवून ती आवारातून निघाली, तर मागून एकजण ओरडली, "बघा बघा, मुंगी साखरेचं पोतं घेऊन चालली!" त्या दिवसापासून तिचे नाव मुंगी पडले. ओरडणारी मुलगी दुसरे व्हायोलिन वाजवायची. तिचे तोंड सदा चालू, म्हणून तिला सगळे टकळी म्हणत. तिसरा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठे, खर्जातले वाद्य, वाजवायचा. विशीतलाच होता, पण स्वेटर घालून पाय ओढत यायचा आणि बसताना "आई गं" म्हणायचा, म्हणून तो आजोबा. आणि पहिले व्हायोलिन मुंगीच्या सख्ख्या मोठ्या भावाचे. त्याला बहिणीच्या देखादेखी बाकीचे दोघेही दादाच म्हणत.

अशी ही चौकडी. चौकडी म्हटले की लोक हसतात, पण चौघांच्या संगीताला दुसरे कोणते नाव द्यावे? मोठ्या वाद्यवृंदात पुढे उभा राहून हात हलवणारा कोणीतरी असतो. आमच्यात नसतो. आमच्यात पहिले व्हायोलिन वाजवणारा नाकाने श्वास घेतो, बाकीचे तिघे तोच श्वास घेतात, आणि चौघांचे गज एकदम तारेवर उतरतात. ज्याने श्वास घेतला नाही तो मागे राहतो. एवढाच आमचा कायदा.

दरवर्षी निरनिराळ्या विद्यापीठांतल्या अशा लहान संचांची स्पर्धा असे. मागच्या वर्षी आमची चौकडी अंतिम फेरीत हरली होती. तेव्हा चेलोवर दुसराच कोणी होता. परीक्षकांपैकी एका बाईंनी दादाला म्हटले होते, "स्वच्छ वाजवता, पण फिकं." फिकं! तो एक शब्द त्याच्या पायात काट्यासारखा मोडून राहिला होता.

या वर्षी विजेत्या संचाच्या पहिल्या व्हायोलिनला एका नामांकित चौकडीबरोबर वर्षभर राहून शिकायची जागा मिळणार होती. आणि दादाचे हे शेवटचे वर्ष होते. त्याच्या वडिलांचे नळ आणि तोट्यांचे दुकान होते. प्राथमिक फेरीला त्यांनीच आम्हाला दुकानाच्या गाडीतून नेले. मी मागे नळांच्या पाइपांमध्ये आडवा होतो आणि प्रत्येक खड्ड्याला एक पाइप माझ्या पेटीवर ठोसा मारत होता.

"नळाला मरण नाही," वडील गाडी चालवता चालवता म्हणाले. "लोक गाणं ऐकल्याशिवाय राहतात. तोटी गळली की रात्रभर झोपत नाहीत."

"बाबा, झालं का परत सुरू?" मुंगी म्हणाली.

"मी काही वाईट बोललो का? मागच्या वर्षी थांबलो. त्याच्या आधीच्या वर्षी थांबलो. आता या वेळी जिंकला तर जा बाबा, सुखानं जा, मी स्वतः पोचवायला येईन. नाही जिंकला तर व्हायोलिन माळ्यावर आणि तू गल्ल्यावर. ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय," दादा म्हणाला.

वडील दुष्ट नव्हते. बोलता बोलता त्यांनी गाडीचा वेग कमी केला होता, पाइप माझ्यावर आदळू नयेत म्हणून. पण शब्दाला पक्के होते, आणि ते दोन्ही मुलांना माहीत होते.

प्राथमिक फेरी पार पडली. अंतिम फेरीची तयारी सुरू झाली आणि तिथेच माझ्या अंगावर काटा आला.

आमची तालमीची खोली तळघरात होती. भिंतीला हीटर होता. बोटे गारठू नयेत म्हणून तो सतत चालू असे. खोलीतली हवा पापडासारखी कोरडी झाली. इथे बादली नव्हती. माझे लाकूड आकसू लागले. आणि एका दुपारी दादाने सगळ्यांना सूर देताना आपली तार नेहमीपेक्षा थोडी वर चढवली.

"हे जरा वर नाही का?" आजोबाने विचारले.

"केसभर," दादा म्हणाला. "केसभर वर घेतलं की आवाजाला धार येते. ऐकणाऱ्याला का ते कळत नाही, पण झळाळी वाटते. पियानो नाहीच आपल्यात, कोण ताडून बघणार?"

खरेच झळाळी आली. चौघेही खूश झाली. फक्त माझ्या पोटात खांब किंचित करकरला. म्हाताऱ्या कारागिराचे ठिगळ जागे झाले. मी काय करणार? चढवलेल्या तारेतून चढलेलाच सूर निघतो. माझ्याकडे वेगळा आवाज नाही.

काही दिवसांनी झणझण सुरू झाली. जोरात वाजवले की कुठूनतरी, डबीत माशी अडकल्यासारखी. चौघे शोधू लागली. आधी खिडकीच्या काचेवर आळ आला. तिच्यात कागदाची घडी खोचली. मग स्टँडचे स्क्रू आवळले. मग सगळे टकळीकडे वळले.

"कानातलं काढ."

"काढलं."

"गळ्यातलं."

"घ्या. आता दात पण काढू? आजोबाचा चष्मा तपासा आधी, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलीय!"

आजोबाने चष्मा काढला. मग त्याला स्वरपाने दिसेनात आणि तो भलतेच वाजवू लागला. चौघेही पोट धरून हसली. झणझण त्या हसण्यातही होती, पण ती ऐकू आली फक्त दोघांना, मला आणि मुंगीला.

सगळे चहाला गेल्यावर ती एकटी थांबली. तिने माझ्या पोटावर कान लावला, एक खालचा सूर छेडला आणि अंगठा दाबत दाबत पुढे सरकवला. सांध्याच्या जागी अंगठा आला आणि झणझण थांबली. अंगठा उचलला, पुन्हा सुरू झाली. तिचा श्वास उथळ झाला. तेव्हा मी जाणले की हिला समजले.

त्याच वेळी दादा परत आला. "सापडलं का ग?"

मित्रांनो, मी वाट पाहिली. एक वाक्य पुरे होते. पण विभागातला एकही दुसरा चेलो मोकळा नव्हता, आणि मला दुरुस्तीला टाकले तर चौकडीची तिकडी होणार होती. तिला गाडीतले बोलणे आठवले असावे.

"नाही," ती म्हणाली. "काचच असेल."

दुसऱ्या दिवसापासून वाजवताना ती डावा गुडघा माझ्या बरगडीत रोवून धरू लागली. भेगेचे दोन्ही काठ एकमेकांना भिडत आणि झणझण दबे. पण त्याबरोबर माझा आवाजही दबे. गुडघ्याखाली कोणाला मोकळे गाता येते?

"मुंगे, तुझा आवाज बसतोय," दादा म्हणायचा. "खालून आधारच नाही आम्हाला. मोकळं वाजव ना!" आणि आवाज मोकळा होत नाही म्हणून तो सूर आणखी केसभर चढवायचा. सूर चढला की भेग वाढायची. भेग वाढली की तिचा गुडघा आणखी रुतायचा. मला ती चक्की दिसत होती. चौघे तिच्याभोवती फिरत होते आणि दाणा मी होतो.

अंतिम फेरीच्या दिवशी आम्ही रंगमंचामागच्या एका लांबट खोलीत होतो. आमच्या आधीच्या संचातली एक मुलगी कोपऱ्यात तोंड धुवत होती, पुन्हा पुन्हा. दादाने व्हायोलिन कानाशी धरले आणि खुंटी पिळली.

"केसभर वर," तो म्हणाला.

"अरे, केसभर केसभर करत आता अख्खा अंबाडा झाला!" टकळी म्हणाली. कोणी हसले नाही. तीही नाही.

"माझी तार तुटेल," आजोबा म्हणाला.

"तुटली तर दुसरी लाव. मागच्या वर्षी त्यांनी काय म्हटलं विसरलात? मला नाही विसरता येत." मग तो बहिणीकडे वळला. "तुला काही म्हणायचंय?"

मुंगीने माझ्या खुंटीवर हात ठेवला होता. दाराच्या फटीतून सभागृह दिसत होते. पुढच्या कुठल्याशा रांगेत वडील बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, अंग चोरून. शेजारच्या बाईंना ते विचारत होते, "टाळ्या कधी वाजवायच्या असतात हो?" त्यांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवले होते.

"नाही," मुंगी म्हणाली आणि तिने खुंटी पिळली.

आम्ही वाजवले. मी खोटे सांगणार नाही, मी इतका सुंदर कधी वाजलो नव्हतो. मरणाच्या वाटेवर आवाज असा होतो की काय, मला माहीत नाही. संथ भागात चौघांचे श्वास एक झाले होते. शेवटचा भाग वेगाचा. तो सुरू करताना दादाने श्वास घेतला आणि मुंगीने नेमक्या त्याच क्षणी गुडघा काढून घेतला. मला वाटते, भावाला खालून आधार हवा होता, तो तिने एकदाच पुरता द्यायचा ठरवला. मी मोकळा झालो. तिने सगळे बळ लावून गज ओढला आणि मी सभागृह भरून टाकले. झणझण चौघांच्या गदारोळात बुडाली. भेग मात्र धावत होती.

शेवटच्या सुरावर आत टक् झाले. लोकांना वाटले, कोणाचा गज लाकडावर आपटला. खांब पडला होता. टाळ्या जरा उशिरा आल्या, मग थांबेनात. वडील उभे राहून, सगळ्यांच्या नंतरही, वाजवत राहिले.

त्याच परीक्षक बाई निकाल सांगताना म्हणाल्या, "काय तेजस्वी आवाज!"

आम्ही जिंकलो.

मुंगीने मला कोणी आत यायच्या आधी पेटीत घातले. तारा सैल केल्या नाहीत. पेटी नुसती झाकली आणि कड्या लावल्या. मग दादा धावत आला, त्याने तिला उचलून गरकन फिरवले, खाली ठेवले, आणि "आज तुझं ओझं मी नेतो" म्हणून पेटी उचलली. पेटी कलली. माझ्या पोटात सुटा खांब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडगडत गेला.

दादा जागच्या जागी थांबला. बहीण त्याच्याकडे पाहत होती. त्याने पेटी हळूच उभी केली आणि एका कडीवर बोट ठेवले. कडी उघडायला बोटभर जोरही लागत नाही.

"बाबा बाहेर वाट बघतायत," तो म्हणाला. त्याने बोट काढून घेतले. "चल."

त्या दिवशी मुंगीने सांगितले असते तर विभागाने विचारले असते की एवढा सूर कोणी चढवला, आणि दादाची जागा अजून कागदावर पक्की व्हायची होती. म्हणून ती म्हणाली असेल, आज नको, उद्या. दादा निघून गेल्यावर मग कशाला, असेही वाटले असेल. मी पुन्हा जिन्याखालच्या कपाटात आलो. बादली आता नाही, तिच्या जागी यंत्र आले आहे. तालमीला का येत नाहीस असे कोणी विचारले की मुंगी म्हणायची, हात दुखतो. मग तिने यायचेच सोडले.

परवा आजोबा आणि टकळी एक स्टँड शोधायला आले. कपाटाचे दार अर्धे उघडे होते.

"मुंगी भेटली होती," आजोबा म्हणाला. "गल्ल्यावर बसते आता. बाबांना काय, आयता माणूस मिळाला. दादाबद्दल सांगताना फुलून येते, चेलोचं विचारलं की वॉशर मोजायला घेते. मी तोटी घेतली, तर म्हणाली, जास्त आवळू नकोस रे, आटे जातात."

"मुंगी असं म्हणाली?"

"हो. आणि मग आतच निघून गेली."

टकळी गप्प राहिलेली मी पहिल्यांदाच ऐकली. मग त्यांनी स्टँड घेतला आणि दार लोटले.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करायला मी कोण? पण मागणे मागतो. एखादी वस्तू कुरकुरू लागली, एखादे माणूस हसता हसता मध्येच गप्प झाले, तर त्याच्यावर गुडघा रोवू नका. थांबा आणि कान लावा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरची तोटी गळत असेल, तर त्या दुकानात जा आणि गल्ल्यावरच्या मुलीला सांगा की चेलो तिच्यावर रागावलेला नाही. फक्त त्याच्या तारा अजून त्या दिवसाइतक्याच चढलेल्या आहेत, आत खांब नाही, आणि पोट रोज थोडे खाली बसते आहे. खुंट्या चारच आहेत. तिने येऊन त्या एकेक करून सैल केल्या तर मी अजूनही सांधला जाईन. पण तिनेच यावे, आणि लवकर यावे.

आत्ता लाकूड तडकल्याचा आवाज आला, तो ऐकलात ना?

ते मी बोललो नव्हतो, भेग बोलली.